दुपट्यासकट शून्य

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि माझ्यावर काहीही ठेवलेलं नसताना माझी सुई नऊ किलो आठशे पन्नास ग्रॅम दाखवते.

हसलात ना? हसा. संग्रहालयात आल्यापासून वीस वर्षं सगळेच हसत आले. शाळेच्या सहली यायच्या, मुलं माझ्यासमोर रांगेत थांबायची आणि त्यातलं एखादं हुशार मूल मोठ्यानं वाचायचं, "हवेचं वजन जवळजवळ दहा किलो." मग सगळी रांग खिदळायची. मला राग येत नाही. मुलांच्या हसण्याची मला फार जुनी सवय आहे. रडण्याचीही आहे. ती कशी लागली, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यातला. अंग ओतीव लोखंडाचं, वरचं पारडं पितळेचं, लांबट आणि खोलगट. समोर ताटाएवढी पांढरी तबकडी. घड्याळात बारा असतात ना, तशी माझ्या तबकडीवर सगळ्यात वर एकच जागा शून्याची आणि दहा किलोची. मध्ये पन्नास-पन्नास ग्रॅमच्या बारीक रेघा. ज्या कारागिरानं या रेघा आखल्या, तो रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा. शेवटच्या रेघेनंतर त्यानं सोडलेला मोठा सुस्कारा ही माझी पहिली आठवण.

तिथून मी एका सूतगिरणीत गेलो. काम सोपं होतं. सुतानं भरलेली रिळं पारड्यात यायची, मी वजन सांगायचो, रिळं पुढे जायची. कुणी माझं कौतुक करत नव्हतं, पण माझ्या शब्दावर शंकाही घेत नव्हतं. काट्याला याहून जास्त काय हवं? पुढे गिरणीत मोठा नवा काटा आला, एका दमात अख्खी पेटी तोलणारा, आणि मला कोपरा मिळाला. मी समजलो, आपलं संपलं.

पण गिरणीला एक पाळणाघर होतं. यंत्रांवर काम करणाऱ्या बायांची तान्ही मुलं दिवसभर तिथं असायची. दर महिन्याला मुलं तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की दर शनिवारी मुलांची वजनं घ्या आणि वहीत लिहून ठेवा. पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशींनी गिरणीभर फिरून काटा शोधला आणि कोपऱ्यातून मला उचलून आणलं. सूत तोलणाऱ्या काट्यावर मुलं तोलायची, म्हणून रिळखात्यात पुष्कळ थट्टा झाली. कुणी म्हणालं, आता सुताच्या जाडीचे काढतो तसे मुलांचेही नंबर काढा, हे चाळीसचं, ते साठचं. मावशींनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी मला गरम पाण्यानं तीनदा धुतलं, पारड्याच्या कडेवरून स्वतःचा गाल फिरवून पाहिला, कुठं टोचत नाही याची खात्री केली आणि मगच पहिलं मूल ठेवलं.

मित्रांनो, रीळ पारड्यात गप्प पडून राहतं. मूल राहत नाही. ते पाय झाडतं, पाठ उचलतं, आणि कधी कधी तर वजन सांगायच्या आतच वजन कमी करून टाकतं. माझी सुई इतकी थरथरायची, की मावशी म्हणायच्या, "थांब रे बाबा, तू तरी रडू नकोस." सुई थांबायची तो क्षण मला फार आवडायचा. मूल क्षणभर स्तब्ध व्हायचं, डोळे मोठे करून छताकडे बघायचं, आणि तेवढ्यात मी आकडा सांगून टाकायचो.

रिळखात्यात एक बाई होती. तिला सगळे घाईवाली म्हणायचे. सुट्टीची घंटा वाजली की ती चहाच्या रांगेत न जाता तडक पाळणाघरात धावत यायची, लेकीला छातीशी धरायची आणि पुढच्या घंटेला धावत परत जायची. तिची लेक दिवस भरायच्या आधीच जन्मलेली. हाताएवढी होती म्हणून तिचं नाव पडलं चिमणी. ती पहिल्यांदा माझ्यावर आली तेव्हा तीन महिन्यांची होती, आणि मी सांगितलं, तीन किलो सहाशे. घाईवालीनं तो आकडा दोनदा विचारून घेतला. दर शनिवारी ती असाच दोनदा विचारायची.

मग थंडी पडली. गार पितळेवर उघडं मूल ठेवलं की ते किंचाळायचं. मावशींचं काळीज मऊ. त्यांनी चिमणीखाली एक धुवट कापड घातलं. पुढच्या शनिवारी कापडावर दुपटं आलं. त्याच्या पुढच्या शनिवारी जाड दुपटं, वर आणखी एक गुंडाळलेलं. मी माझ्यावर जे होतं त्याचं वजन सांगत गेलो. तीन किलो सातशे. तीन किलो आठशे. तीन किलो नऊशे. घाईवालीला वाटलं, लेक वाढते आहे. त्या शनिवारी ती पहिल्यांदा चहाच्या रांगेत उभी राहिली आणि आजूबाजूच्या सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा दिला.

त्यानंतर डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्याकडे झोळीचा काटा होता. त्यांनी चिमणीला उघडी करून तोललं. तीन किलो साडेपाचशे. महिन्याभरात वाढ नाहीच, उलट पन्नास ग्रॅमची घट. त्यांनी वही पाहिली, मग पारड्यातली दुपटी पाहिली आणि नुसती तीच माझ्यावर ठेवली. माझी सुई साडेतीनशेवर गेली.

घाईवाली रडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी याच्या भरवशावर निवांत झोपले हो."

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. तरीही त्या दिवशी मला स्वतःच्या खरेपणाचं काहीच वाटेना. मावशी तर कोपऱ्यात तोंड फिरवून बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी कुणाला बोल लावला नाही. चिमणीला दर दोन तासांनी दूध मिळालं पाहिजे, एवढं त्यांनी रिळखात्याच्या मुकादमाला बजावलं, आणि मुकादमानं घाईवालीची जागा पाळणाघराच्या दाराजवळच्या यंत्रावर बदलून दिली.

राहिलो मी. गिरणीत एक फिटरदादा होते. दिवसाला चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन यंत्रांशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मावशींकडून एकच दुपटं शिवून घेतलं, अगदी माझ्या पारड्याच्या मापाचं. मावशी म्हणाल्या, मी दर वेळी दुपट्याचं वजन वजा करत जाईन ना. तेव्हा फिटरदादांनी त्या दिवसाचं उरलेलं वाक्य खर्च केलं. "मावशी, वजाबाकी माणूस विसरतो, काटा विसरत नाही."

तुम्ही दुकानात पाहिलं असेल, तेल तोलण्याआधी दुकानदार रिकाम्या डब्याचं वजन काट्यातून वजा करून घेतो. त्याला धडा करणं म्हणतात. फिटरदादांनी तेच केलं. ते दुपटं माझ्या पारड्यात पसरलं, माझ्या पोटाखालचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणली, आणि पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून त्या स्क्रूवर तांबड्या लाखेचा एक थेंब सोडला. दुपट्याचं वजन होतं दीडशे ग्रॅम. म्हणजे दुपटं असलं की माझी सुई शून्यावर आणि दुपटं काढलं की तीन रेघा मागे. मुलं उबेत आणि आकडा खरा.

त्यानंतरचे शनिवार विचारू नका. चिमणी तीन सहाशे झाली, पावणेचार झाली, चार झाली. चार किलोच्या दिवशी सुई थांबायलाच तयार नव्हती, कारण चिमणीनं माझी तबकडी धरून ठेवली होती. घाईवालीनं आकडा दोनदा विचारला, आणि मग तिसऱ्यांदा, नुसताच ऐकायला बरा वाटतो म्हणून.

वर्षं गेली. चिमणी पारड्यात मावेनाशी झाली, मग पाळणाघरातून शाळेत गेली. ती दुसरीत असताना गिरणी बंद पडली. काही दिवसांनी संग्रहालयाची गाडी जुन्या वस्तू न्यायला आली. माल उचलणाऱ्या माणसांनी माझ्यावरची धूळ झटकायला फडकं शोधलं, आणि त्यांना माझ्याच पारड्यातलं दुपटं मिळालं. त्यांनी मला त्यानंच स्वच्छ पुसलं, पुसून ते तिथंच टाकलं आणि मला गाडीत चढवलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्यांना फडकं हवं होतं, बस.

संग्रहालय छान आहे. उंच खिडक्या आहेत, फरशी रोज पुसतात. माझ्या एका बाजूला गिरणीचं हजेरीचं घड्याळ आहे; ते अजूनही मला उशिरा आल्यासारखं बघतं. दुसऱ्या बाजूला एक टंकलेखन यंत्र आहे, त्याचं एक अक्षर पडलंय म्हणून ते फारसं बोलत नाही. आमची राखण करणारे काका दिवसभर मुलांना "हात मागे, हात मागे" सांगत असतात. त्यामुळे मुलांनी त्यांचं नाव हातमागकाका ठेवलंय. शेजारच्या दालनात खराखुरा हातमाग आहे, त्याला हे मुळीच आवडलेलं नाही.

माझ्यासमोरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'सुताचा वजनकाटा. शून्य चुकलेलं. नादुरुस्त.' पहिली दोन वर्षं मला ती पाटी टोचायची. मग सवय झाली. पण गेल्या महिन्यात संग्रहालयाच्या अधीक्षकबाई कानामागे पेन्सिल खोचून दालनभर फिरल्या. दालनाची नवी मांडणी होणार होती. वस्तू तीस, जागा वीस. माझ्यासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. लाख फोडून सुई शून्यावर आणावी का, असं हातमागकाकांनी विचारलं. त्या म्हणाल्या, जुन्या वस्तूची मोडतोड करायची नाही. आणि नादुरुस्त वस्तू, तीही सुताची म्हणून, आपल्याकडे आणखी चार आहेत. सोमवारी याला तळघरात हलवा.

तळघरात खिडकी नाही, मित्रांनो. मुलं तर नाहीतच.

सोमवारच्या आधीचा शनिवार होता. दुपारी दोन बायका आल्या. एक साठीच्या आतबाहेरची, भराभर चालणारी. दुसरी तिशीची, कडेवर सात महिन्यांचं बाळ, खांद्यावर फुगलेली पिशवी. थोरली उत्साहात होती. हे आमचं घड्याळ, यात हजेरीचं कार्ड घालायचो, एक मिनिट उशीर झाला की तांबडी शाई, असं काहीबाही लेकीला सांगत होती. लेकीचं लक्ष नव्हतं. ती दर दोन मिनिटांनी बाळाच्या कपाळाला हात लावत होती आणि दर पाच मिनिटांनी तोच विषय काढत होती.

विषय असा होता. दवाखान्यात मागच्या महिन्यात बाळाचं वजन सहा किलो नऊशे भरलं होतं आणि परवा सहा किलो साडेनऊशे. म्हणजे महिन्यात जेमतेम पन्नास ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. तेव्हापासून ती लक्षच ठेवत होती. बाळ दूध कमी पितं का, जास्त झोपतं का, झोपेत श्वास नीट घेतं का. स्वतः जेवली की नाही हे मात्र तिला आठवत नव्हतं.

बोलता बोलता दोघी माझ्यासमोर आल्या आणि थोरली थबकली. तिनं पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग दोनदा वाचायची ती पद्धत मी ओळखली.

"अगं, हा आपला काटा," घाईवाली म्हणाली. "चिमणे, तू यात पाय झाडले आहेस."

तिनं पारड्याकडे हात नेला आणि हातमागकाका खुर्चीतून उठले. "बाई, हात मागे."

"अहो, या पारड्यात माझी लेक वाढली."

"सगळे असंच काहीतरी म्हणतात. परवा एक गृहस्थ त्या हजेरीच्या घड्याळाला मिठी मारायला निघाले होते."

"मिठी नको मला. ही पाटी चुकली आहे तेवढं सांगायचंय. हा नादुरुस्त नाही. याचं दुपटं कुठं आहे?"

काकांना काही कळेना. पण वीस वर्षांत माझ्याबद्दल त्यांना कुणी प्रश्न विचारला नव्हता, म्हणून ते अधीक्षकबाईंना बोलावून घेऊन आले. घाईवालीनं सगळं सांगितलं. थंडी, मावशी, झोळीचा काटा, फिटरदादा, लाखेचा थेंब. अधीक्षकबाईंनी माझ्या पोटाखाली वाकून विजेरी मारली. थेंब होता. पण थेंब कशासाठी आहे हे थेंब सांगत नाही, असं त्या म्हणाल्या. बोलणं तुटक होतं, तरी विजेरी मात्र त्यांनी बंद केली नाही.

घाईवालीनं लेकीकडे हात पुढे केला. चिमणीनं पिशवीतून बाळाचं दुपटं काढून दिलं. अधीक्षकबाईंनी मान हलवली, काकांनी डोळे मिटून घेतल्यासारखं केलं, आणि घाईवालीनं दुपट्याची घडी माझ्या पारड्यात ठेवली.

माझी सुई हलली. वीस वर्षांनी हलली. एक रेघ, दुसरी रेघ, आणि शून्याच्या अर्धी रेघ अलीकडे येऊन थांबली.

मित्रांनो, खोटं बोलून ती अर्धी रेघ ओलांडता आली असती, तर मी त्या वेळी ओलांडली असती की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण काट्याला तशी सोय नसते.

"हल्लीची दुपटी हलकी असतात," घाईवाली म्हणाली. तिनं बाळाच्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि दुपट्यावर ठेवली. सुई शून्यावर जाऊन थांबली.

अधीक्षकबाईंनी काकांना चहाच्या खोलीतून साखरेचं न फोडलेलं एक किलोचं पाकीट आणायला सांगितलं. ते माझ्यावर ठेवलं. एक किलो. ना रेघ इकडे, ना तिकडे. बाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि पाटीवरच्या 'नादुरुस्त' या शब्दावर सरळ काट मारली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण चिमणी पारड्यातल्या दुपट्याकडे आणि टोपीकडे एकटक बघत होती. तिनं हळूच विचारलं, "आई, म्हणजे या दोन्हींचं मिळून दीडशे ग्रॅम?"

"हो. का गं?"

"मागच्या महिन्यात तो झोपला होता. नर्स म्हणाल्या, उठवू नका. दुपट्यासकट, टोपीसकट तोलला होता. परवा नुसत्या झबल्यात."

घाईवालीनं आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ती इतकी हसली, की बाळ दचकलं आणि तेही हसायला लागलं. नऊशेतून दीडशे गेले, म्हणजे मागच्या महिन्यात बाळ होतं सहा किलो साडेसातशेचं. आता साडेनऊशे. पन्नास नव्हे, दोनशे ग्रॅम वाढलं होतं ते. चिमणी बोटांवर हिशेब पुन्हा पुन्हा करत होती आणि दर वेळी दोनशेच येत होते.

अधीक्षकबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, की एका साखरेच्या पाकिटावर चाचणी पुरी झाली असं काही म्हणता येत नाही. आणखी एखादी वस्तू तोलून बघायला हवी, सहा-सात किलोची, दवाखान्यात नुकतीच तोललेली असेल तर उत्तम. काका म्हणाले, अशी वस्तू संग्रहालयात कुठून आणायची. बाई म्हणाल्या, तुमच्या समोरच आहे की हो, टोपी काढलेली.

मग साखरेचं पाकीट उचललं गेलं आणि ते बाळ माझ्या पारड्यात आलं. दोन्ही बाजूंनी दोघींचे हात, मध्ये तो. त्यानं पाय झाडले. पाठ उचलली. माझी सुई थरथरली आणि मला वीस वर्षांची धूळ आतून झडल्यासारखी वाटली. मग त्यानं छताकडे डोळे मोठे करून पाहिलं, क्षणभर स्तब्ध झाला, आणि मी सांगून टाकलं. सात किलोला एक रेघ कमी. सहा किलो साडेनऊशे.

"सहा साडेनऊशे," हातमागकाका मोठ्यानं म्हणाले.

"किती?" चिमणीनं विचारलं. तिनं दोनदा विचारलं. बाहेर पडताना तिनं पिशवीतून स्वतःचा डबा काढला आणि संग्रहालयाच्या पायरीवर बसून पोटभर जेवली. काका दारातून बघून आले आणि मला सांगून गेले.

सोमवारी मला कुणी हलवलं नाही. दोन आठवड्यांनी घाईवाली एक नवं दुपटं शिवून घेऊन आली. ते पाव रेघ जास्त भरलं. तिनं तिथंच बाकावर बसून एका कडेची पट्टी उसवली, पुन्हा टाके घातले, पुन्हा तोललं. या वेळी तिला कसलीच घाई नव्हती. आता माझी पाटी नवी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'सूतगिरणीच्या पाळणाघरातला वजनकाटा. दुपट्यासकट शून्य.' रोज सकाळी दार उघडलं की काका आधी स्वतःचे हात पुसतात, दुपट्याची धूळ खिडकीबाहेर झटकतात आणि ते माझ्या पारड्यात पसरतात. सुई तीन रेघा चढते आणि शून्यावर थांबते. मुलं अजूनही येतात. आता ती हसत नाहीत, दुपटं उचलून बघू का म्हणून काकांच्या मागे लागतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी असेल. झाकण न लागणारी पेटी, तिरकं उभं राहणारं टेबल, उगाच मागे पडणारं घड्याळ. ते टाकून द्यायला कुणी निघालं, तर एक क्षण थांबा. धूळ पुसा, पण कशानं पुसता आहात तेही बघा. आणि घरातल्या आजीला, काकांना, शेजारच्या मावशींना, कुणाला तरी जाऊन विचारा: याच्याबरोबर आणखी काय असायचं?